सुटून आल्यावर दुकान, रिक्षा की ओट्यावर शिलाई मशीन?

नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे पती साडेसहा वर्षांची शिक्षा पूर्ण करून जूनमध्ये नाशिकरोड कारागृहातून सुटले. आत शिवणकामाच्या कारखान्यात होते, हात बसलेला आहे. त्यांना तीन लाखांचं मुद्रा कर्ज काढून रेडिमेड कपड्यांचं दुकान टाकायचंय. दीर म्हणतात, रिक्षा घेऊन टाका, रोजचे पैसे हातात येतात. ताई अंबडला कंपनीत पॅकिंगला जातात. त्यांना वाटतं की घरातूनच काहीतरी छोटं सुरू करावं. ‘यात कुणाचं ऐकू?’ असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुमचंच खरं आहे. का ते जरा सविस्तर सांगतो. मी सीबीएस बसस्थानकाजवळ बसून लहान धंदेवाल्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट, उद्यम (म्हणजे लहान धंद्याची सरकारी) नोंदणी, जीएसटी अशी कामं करतो. कोर्ट हाकेच्या अंतरावर असल्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांत सुटून आलेले आणि जामिनावरचे लोक बरेच असतात. त्यांचे धंदे उभे राहताना पाहिलेत, बसतानाही पाहिलेत.

सुटून आलेल्या माणसाकडे पैसा कमी असतो, आणि लोकांचा भरवसा त्याहून कमी. म्हणून धंदा निवडताना नफ्याचा हिशोब जरा मागे ठेवायचा आणि आधी विचारायचं: या धंद्यात समोरच्याला माझ्यावर किती भरवसा टाकावा लागेल? वडापाव घेणारा माणूस तुमच्याकडे कसलाच भरवसा मागत नाही. वडा डोळ्यांसमोर तळला जातो, तो पैसे देतो, खातो आणि जातो. पँट आखूड करायला टाकणारा एका पँटीपुरता आणि दोन दिवसांपुरता भरवसा टाकतो. फ्रिज किंवा एसी दुरुस्तीला घरात घेणाऱ्याला बराच जास्त टाकावा लागतो. ॲडव्हान्स घेऊन फर्निचर करून देणाऱ्यावर तर सगळ्यांत जास्त. सुरुवात या उतरंडीच्या तळापासून करायची. वर चढायला वर्ष-दोन वर्षं लागतात, पण वर चढता येतं.

आता हे माप रेडिमेडच्या दुकानाला लावून बघा. गिऱ्हाईकाचं तिथे काही अडत नाही, पण बाकी सगळ्यांचा भरवसा लागतो. गाळामालक डिपॉझिट घेतो. लिव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो आणि मालक भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देतो, म्हणजे विषय तिथे निघणारच. होलसेलवाला नव्या माणसाला उधारीवर माल देत नाही आणि जुन्या दुकानदाराला पंधरा-वीस दिवसांची सवलत देतो. त्यामुळे शेजारचा दुकानदार दुसऱ्याच्या पैशावर धंदा करतो आणि तुमचे पती स्वतःच्या कर्जावर करणार. तीन लाखांतले डिपॉझिट, फर्निचर, लाइट आणि पाटी यांचे गेले की मालाला दीड लाखही उरत नाहीत. त्यातही लहान मुलांचे दोन साइज आणि मोठ्यांचा डबल एक्सएल हमखास पडून राहतात. हप्ता मात्र थांबत नाही. तीन लाख पाच वर्षांसाठी अकरा-बारा टक्क्यांनी घेतले तर महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास जातात, वर गाळ्याचं भाडं. मेनरोड-शालिमारला जाऊन दिवाळीची खरेदी करणारं गिऱ्हाईक सिडकोतल्या नव्या दुकानात श्रावणात कशाला येईल?

रिक्षाचं थोडक्यात. पॅसेंजर रिक्षा चालवायला बॅच, म्हणजे चालकाचा बिल्ला लागतो आणि आरटीओ बॅच देण्याआधी पोलीस पडताळणी मागतं. शिक्षा झालेल्याला बॅच मिळणारच नाही असं नाही. गुन्हा कोणता आणि किती जुना यावर ते ठरतं. पण बॅच हातात यायच्या आधी गाडी घेतली तर फायनान्सचे हप्ते सुरू होतात आणि रिक्षा दारात उभी राहते. चालवण्याचीच आवड असेल तर दुसऱ्याचा मालवाहू छोटा हत्ती पगारावर चालवावा. त्याला हलक्या वाहनाचं साधं लायसन्स पुरतं.

म्हणजे राहिलं शिवणकाम. इथे तुमच्या पतींना एक गोष्ट प्रेमाने पण स्पष्ट विचारा: माप घेऊन, कापड कापून, अख्खा शर्ट एकट्याने शिवला आहे का? आतल्या कारखान्यात काम बहुधा लाइनवर चालतं. एक जण कॉलर बसवतो, दुसरा बाही जोडतो, तिसरा काजं-बटणं करतो. वेग जबरदस्त येतो, सरळ शिलाई तर बाहेरच्या टेलरला लाजवेल अशी येते. पण कटिंग मास्तर वेगळा असतो. बाहेर टेलर म्हणून बसलात की पहिलं काम कात्रीचं. गिऱ्हाईकाचं नऊशे रुपयांचं कापड चुकीचं कापलं गेलं की पैसेही गेले आणि गल्लीत बभ्राही झाला. तेव्हा नवं शिवणं सध्या नको. अल्टरचं काम घ्या.

अल्टरला लोक हलकं समजतात, पण आजकाल कपडे रेडिमेडच घेतले जातात आणि रेडिमेड अंगाला बसत नाहीत, म्हणून हे काम वाढलंय. पँटची लांबी, कमरेला घेणं, चेन बदलणं, शर्टाची फिटिंग, साडीला फॉल-पिको, शाळेच्या युनिफॉर्मची दाब सोडणं, सॅकचा तुटलेला पट्टा. यात कटिंगचा धोका जवळजवळ नाही, माल भरावा लागत नाही, उधारी मागायला जागा नाही आणि पैसे कपडा हातात देताना रोख. सिडकोसारख्या दाट वस्तीत पँटला पन्नास-साठ आणि चेनला सत्तर-ऐंशी रुपये लोक कुरकुर न करता देतात. रोजची दहा-बारा कपड्यांची कामं जमली तर सहा-सातशे रुपये होतात, त्यातून दोरा, चेन आणि वीज जाते. पहिल्या महिन्यात निम्मंच धरा.

मशीन नवीन घेऊ नका. मोटर बसवलेली जुनी पायाची मशीन आणि कापडाच्या कडा शिवायची जुनी इंटरलॉक एवढ्यावर काम सुरू होतं. पतींचा हात कारखान्यातल्या जुकी मशीनच्या वेगाला सरावलेला असेल, त्यांना घरगुती मशीन बैलगाडी वाटेल. तरी सुरुवातीला तीच बरी, दुरुस्ती स्वस्त आणि वीज कमी. ओट्यावर बसायचं, आतल्या खोलीत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला माणूस काम करताना दिसला पाहिजे. सकाळी ठरलेल्या वेळी मशीन सुरू आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी बंद, हे महिनाभर दिसलं की गल्लीतली अर्धी कुजबुज आपोआप बंद होते.

एका माणसाचं सांगतो, पाथर्डी फाट्याकडे बसतो. त्याच्याकडे प्रत्येक कपड्याला सेफ्टी पिनने चिठ्ठी लागते. त्यावर नंबर, काय करायचं, कधी द्यायचं आणि किती पैसे. त्याच चिठ्ठीचा दुसरा अर्धा गिऱ्हाईकाच्या हातात. जीन्स आली की तो आधी विचारतो, ‘ओरिजिनल पट्टी ठेवायची का?’ खालची कंपनीची शिलाई तशीच ठेवून वरून आखूड करायचं काम किचकट असतं, त्याचे तो वीस रुपये जास्त घेतो. कॉलेजची पोरं लांबून येतात ती त्या पट्टीसाठी. कपडा सांगितलेल्या संध्याकाळी तयार असतो. तो आत होता हे आजूबाजूच्या सगळ्यांना माहीत आहे. कुणी विचारलं तर एक वाक्य बोलतो, ‘होतो, शिक्षा संपवून आलो,’ आणि परत मशीनकडे वळतो. मला हे उत्तर फार आवडतं. लपवायला जावं तर कधीतरी उघड होतं. उलट अख्खी केस सांगत बसावं तर गिऱ्हाईक पँट न टाकताच निघून जातं.

ब्लाउज आणि पंजाबी ड्रेसची मापं सध्या घेऊ नयेत. साड्या फॉल-पिकोला येतील त्या तुम्ही सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी ताब्यात घ्या. बायकांना बाईशी बोलणं सोपं जातं, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

मशीन आणायच्या आधी मात्र कागद. इथे लोक सगळ्यांत जास्त अडकतात आणि अडकण्याची सुरुवात होते मोबाइलपासून. आत गेल्यावर सिमकार्ड वापरात राहत नाही. तीन महिने वापर नसला की कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याच कुणाला दिला जातो. साडेसहा वर्षांनी तुमच्या पतींच्या आधारला जोडलेला नंबर कदाचित नगरच्या एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात असेल. ओटीपी त्याला जाणार. उद्यम नोंदणी, पॅन, बँक यांतलं काहीच पुढे सरकत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे नवीन सिम त्यांच्याच नावावर घ्यायचं आणि आधार केंद्रावर नेऊन मोबाइल नंबर बदलून घ्यायचा. जोडीला बोटांचे ठसेही अपडेट करून घ्या.

दुसरं पॅन. आधारशी जोडलेलं नसेल तर १ जुलै २०२३ पासून ते निष्क्रिय झालेलं असणार, कारण मुदत गेली तेव्हा ते आत होते. १,००० रुपये शुल्क भरून जोडता येतं. तिसरं बँक खातं. दोन वर्षं खातेदाराने स्वतः व्यवहार केला नाही की बँक ते निष्क्रिय करते. केवायसी दिली की पुन्हा चालू होतं आणि त्यासाठी बँकेने पैसे घ्यायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. काउंटरवर कुणी निष्क्रियतेचा दंड सांगितला तर नियम दाखवायला सांगा, आवाज न चढवता. चौथं रेशनकार्ड. त्यावरून त्यांचं नाव कमी झालंय का ते बघा आणि झालं असेल तर लगेच परत लावून घ्या. पुढच्या योजनेत ते लागणार आहे.

सुटकेचा दाखला, निकालाची प्रत, दंड भरला असेल तर त्याची पावती आणि आत शिकलेल्या कामाचं प्रमाणपत्र, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. झेरॉक्स काढून मूळ कागद कपाटात. बँकेत, गाळामालकाकडे, पोलीस ठाण्यात, सगळीकडे तीच फाइल न्यायची.

धंद्याच्या नोंदणीचा बाऊ करू नका. उद्यम नोंदणी आधार-पॅनवर होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. पाचशे-हजार मागणारी संकेतस्थळं खासगी एजंटांची आहेत. या अर्जात शिक्षेबद्दल प्रश्न नसतो. दुकान कायद्याखाली एकट्या माणसाच्या धंद्याला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. जीएसटी तर सेवा देणाऱ्याला वर्षाला वीस लाखांपर्यंत लागतच नाही. कुणी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायचा सल्ला दिला तर हसून सोडून द्या. नैतिक अधःपतनाच्या किंवा इतर गुन्ह्यात सहा महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर पाच वर्षं कंपनीचं संचालक होता येत नाही आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असेल तर कधीच नाही. स्वतःच्या नावाने साधा एकट्याचा धंदा करायला ही आडकाठी नाही.

आता कर्ज. तुम्ही तीन लाखांच्या मुद्रा कर्जाचं विचारलंय. मुद्राला तारण लागत नाही हे खरं, पण योजनांचा क्रम चुकला तर एक दार पाच वर्षांपर्यंत बंद राहू शकतं. तुमच्या पतींसाठी आधी बघायची ती पीएम विश्वकर्मा, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेली. त्यातल्या १८ व्यवसायांत शिंपी आहे. पाच-सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्याचे रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर आणि पुढे ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाख. ते फेडलं की दुसरं २ लाखांचं. अट अशी की गेल्या पाच वर्षांत मुद्रा, स्वनिधी किंवा पीएमईजीपीसारख्या योजनेचं कर्ज घेतलेलं नसावं. मुद्रा-स्वनिधी पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं. म्हणजे आधी मुद्रा घेतलं की ते फिटेपर्यंत विश्वकर्मा विसरा. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि कुटुंब ठरवायला रेशनकार्ड बघतात, म्हणून ते मघाशी सांगितलं. अर्ज सीएससी केंद्रातून होतो, तिथे शिंप्यांची नोंदणी चालू आहे का ते आधी विचारून घ्या. अर्जाच्या वेळी माणूस प्रत्यक्ष तो धंदा करत असला पाहिजे. त्यामुळेही आधी ओट्यावर मशीन, मग अर्ज.

हातगाडी लावणाऱ्यांसाठी स्वनिधी वेगळी आहे. महापालिकेच्या फेरीवाला प्रमाणपत्रावर किंवा शिफारसपत्रावर पहिलं कर्ज १५,००० रुपयांचं मिळतं. ऑगस्ट २०२५ च्या बदलाआधी ते १०,००० होतं. तुम्हाला सध्या त्याची गरज दिसत नाही.

आणखी एक दार बहुतेकांना माहीतच नसतं. महिला व बालविकास विभागाचा जिल्हा परिविक्षा अधिकारी. सुटून आलेल्या बंद्यांना लहान धंद्यासाठी सहाय्यक अनुदानाचे अर्ज त्या कार्यालयातून होतात. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून त्या पैशांवर हिशोब बांधू नका, पण अर्ज टाकून ठेवा. सुटकेचा दाखला तिथे लागेलच.

बँकेत जाण्याआधी सिबिल रिपोर्ट, म्हणजे जुन्या कर्जफेडीचा अहवाल काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो. आत जाण्याआधीचं मोटारसायकलचं किंवा क्रेडिट कार्डाचं कर्ज थकलेलं असतं आणि साडेसहा वर्षांत आठ हजारांचे तीस हजार झालेले असतात. लोकअदालतीत अशी प्रकरणं तडजोडीने मिटतात. मात्र ‘सेटल्ड’ असा शेरा रिपोर्टवर राहतो आणि पुढचा मॅनेजर तो वाचतो. जमत असेल तर थोडं जास्त भरून ‘क्लोज्ड’ करून घ्या आणि नो ड्यूजचं पत्र हातात घेतल्याशिवाय उठू नका. ‘मधली वर्षं काय करत होता?’ असं मॅनेजर विचारणार. खरं सांगायचं आणि फाइल पुढे ठेवायची. गावाला शेती करत होतो अशी थाप मारली की पुढच्या कागदावर ती उघडी पडते आणि मग नकार शिक्षेमुळे मिळत नाही, थापेमुळे मिळतो.

पतींचा सिबिल फारच खराब निघाला तर धंदाच तुमच्या नावावर करायचा का? नातेवाईक तेच सुचवतील. माझं मत वेगळं आहे. कर्ज तुमच्या नावावर घ्यावं लागलं तर घ्या, फेडायची जबाबदारी कायद्याने तुमची होते एवढं समजून घ्या. पण उद्यम आणि क्यूआर कोडचं खातं त्यांच्याच नावावर असू द्या. सगळंच बायकोच्या नावावर असलेला माणूस घरच्याच धंद्यात नोकर होतो आणि तीन वर्षांनीही बँकेच्या लेखी तो शून्यच राहतो.

पैशांचा सगळ्यांत मोठा धोका अजून सांगायचाय. बँक नाही म्हणते तेव्हा एक जण हो म्हणतो आणि तो आतला ओळखीचा असतो. ‘घे पन्नास हजार, जमेल तसे दे, व्याज नको.’ हे पैसे पुढे एका रात्रीच्या कामाच्या रूपात परत मागितले जातात. दुसरा प्रकार नवीन आहे: ‘तुझं खातं आणि एटीएम महिनाभर वापरायला दे, दहा हजार घे.’ त्या खात्यात ऑनलाइन फसवणुकीचे पैसे येतात, खातं गोठवलं जातं आणि पहिला फोन खातेदाराला जातो. आधीची शिक्षा असलेल्या माणसाचं तेव्हा कोण ऐकणार? परवाना नसलेला सावकार हाही त्याच रांगेतला. यातलं काहीही पतींनी परस्पर ठरवू नये, हे त्यांच्याकडून आत्ताच कबूल करून घ्या. तुमच्या पगारातून उरतील त्या पैशांत जुनी मशीन येते. एवढ्यासाठी कुणाचे उपकार घ्यायची गरज नाही.

राहिले पोलीस. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि नाशिकमधली पहिली दोन अमृतस्नानं २ आणि ३१ ऑगस्ट २०२७ ला आहेत. अशा काळात जुन्या रेकॉर्डवरच्या लोकांवर प्रतिबंधक कारवाई वाढते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं १०७ आणि ११०, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १२६ आणि १२९. बोलावणं आलं तर टाळू नका. फाइल, उद्यमचं प्रमाणपत्र आणि चिठ्ठ्यांची वही घेऊन जायचं. चांगल्या वर्तनाचं बंधपत्र लिहून मागितलं तर सही करण्याआधी वकील बघा. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, पात्र असाल तर वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००. आणि कुंभात लाखो लोक येणार म्हणून पंचवटीत पिशव्यांचा मोठा माल भरायचा बेत कुणी मांडला तर त्यात पैसे घालू नका. बंदोबस्तात कुठला रस्ता बंद होईल हे आदल्या दिवशीही सांगता येत नाही. पिशव्या शिवून देण्याची मजुरी मिळत असेल तर जरूर घ्या, कापड समोरच्याचं आणि धोकाही त्याचाच.

या आठवड्यात सिम आणि आधार उरका. पॅन आणि खातं झालं की फाइल घेऊन दोघंही या, उद्यम समोर बसूनच भरू. मशीन तोपर्यंत घेतलीत तरी चालेल, फक्त विकणाऱ्याकडून त्याचं नाव आणि सही असलेली पावती घ्या. जुन्या वस्तूची पावती तुमच्या घरात असलेली बरी.